निमंत्रणावर 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलंय, मग घालायचं काय?

काजबटण

सांगलीत हरभट रोडला आमचं कपड्यांचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत शिलाईकाम चालतं. लग्नसराई आली किंवा कॉलेजांत मुलाखती सुरू झाल्या की गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं. "दादा, हे वाचा आणि यात बसेल असं काहीतरी द्या." मोबाईलवर पत्रिका नाहीतर कंपनीचा मेल, आणि तळाला एक ओळ: ड्रेस कोड, स्मार्ट कॅज्युअल. पूर्वी हे पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांपुरतं होतं. आता महाबळेश्वरच्या हॉटेलात होणाऱ्या साखरपुड्याच्या निमंत्रणावरही असतं, आणि बोलावलेल्यांत कवठेमहांकाळचे मामाही असतात.

या दोन शब्दांचा ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावल्यामुळं लोकांचे पैसे विनाकारण जातात. एक जण घाईनं सूट शिवायला टाकतो. दुसरा गोल गळ्याच्या टी-शर्टवर जातो आणि हॉलच्या दारात अवघडून उभा राहतो. म्हणून हा चर्चेचा धागा. मला जे माहीत आहे ते लिहितो, बाकीच्यांनी भर घाला.

घोळ होतो तो दोन्ही शब्द आपल्या रोजच्या ओळखीचे असल्यामुळं. स्मार्ट म्हणजे आपल्याकडं हुशार, नाहीतर दिसायला देखणा. कॅज्युअल म्हटलं की नोकरदाराला किरकोळ रजा आठवते. पण कपड्यांबद्दल बोलताना इंग्रज स्मार्ट म्हणतो तेव्हा त्याला टापटीप म्हणायचं असतं. आपण 'कडक इस्त्रीतला माणूस' म्हणतो ना, तसं. आणि कॅज्युअल म्हणजे सूट आणि टाय नको, एवढंच. गबाळं चालेल असा अर्थ त्यात नाही. लोक दुसरा शब्द वाचतात आणि पहिला सोडून देतात. माझं स्पष्ट मत आहे, सगळं वजन पहिल्या शब्दावर आहे.

इंग्रजी पेहरावाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात वर व्हाइट टाय, म्हणजे मागं शेपट्या असलेला कोट आणि पांढरा बो, फुलपाखरासारखा बांधायचा टाय. त्याखाली ब्लॅक टाय. हे नाव ऐकून काळा टाय बांधून जाऊ नका, तिथं काळं डिनर जॅकेट आणि काळा बो अपेक्षित असतो, तोही संध्याकाळच्या कार्यक्रमाला. मग लाउंज सूट, म्हणजे आपला नेहमीचा सूट-टाय. त्याच्या खाली बिझनेस कॅज्युअल आणि स्मार्ट कॅज्युअल, आणि तळाला नुसतं कॅज्युअल. सूटच्या एक-दोन पायऱ्या खाली या, पण तळाला जाऊ नका, असं यजमान सांगत असतो.

पुरुषांना मी साधारण असं देतो: कॉलरचा शर्ट, एकरंगी किंवा बारीक चौकड्याचा. खाली चिनो, म्हणजे साधी सुती पँट, नाहीतर गडद निळी, न फाटलेली, न विटलेली जीन्स. बूट चामड्याचे, लोफर म्हणजे बिननाडीचे बूटही चालतात. ब्लेझर असेल तर घाला, नसेल तर त्यासाठी खर्च करू नका. हाफ पँट, खेळाचे कपडे, मोठी अक्षरं छापलेला टी-शर्ट आणि रबरी चप्पल नको.

---

कृष्णाकाठ

दादा, वेळेवर धागा काढलात. मी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला मुलाखतीसाठी आलेल्या मेलमध्ये 'बिझनेस कॅज्युअल' लिहिलंय. ते आणि हे एकच ना? होस्टेलवर यावरून दोन तट पडलेत.

---

काजबटण

सख्खी भावंडं आहेत, पण एक नाहीत. बिझनेस कॅज्युअल ऑफिससाठी असतं. तिथं जीन्स टाळायची, शर्ट इन करायचा, पट्टा आणि बूट एका रंगाचे घालायचे. टाय लागत नाही. स्मार्ट कॅज्युअल जेवणं, समारंभ, गाठीभेटींसाठी. तिथं गडद जीन्स, कॉलरचा टी-शर्ट खपून जातो. इंग्लंडमध्ये बरेच लोक हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात, म्हणून नेटवर वाचलं की गोंधळ वाढतो.

पण मित्रा, मुलाखतीला जाताना मेलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा एक पायरी वरच राहा. फिकट फुल शर्ट, गडद फॉर्मल पँट. आणि नवा शर्ट घेण्याआधी जुन्याची कॉलर बघ. स्वस्तातल्या शर्टांत कॉलरच्या आतलं बकरम चार धुण्यांत कापडापासून सुटतं आणि कॉलरवर बुडबुडे उठतात. कितीही इस्त्री फिरवली तरी ते बसत नाहीत. टेबलाच्या पलीकडं बसलेल्याला मुलाखतभर तेवढीच कॉलर दिसते. असा शर्ट मुलाखतीला घालू नकोस. कॉलर चांगली असेल तर जुना फिकट शर्टही चालेल.

---

पोवईनाका

सातारकर, फौजेतून निवृत्त. वाचून बरं वाटलं, कारण आमचं निम्मं आयुष्य 'ड्रेस काय?' या प्रश्नावर गेलं. फौजेत कार्यक्रमाच्या कागदावर वेळ, जागा आणि ड्रेस या तीन गोष्टी असतातच. त्यात एक शब्द नेहमीचा: मुफ्ती. मूळ शब्द अरबी, धर्मशास्त्राचा निवाडा देणाऱ्यासाठीचा. पण इंग्रज फौजेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वर्दीवाल्यानं घातलेल्या साध्या कपड्यांना मुफ्ती म्हणू लागले. सैनिक शाळेत शिकलेल्या पोरांनाही हा शब्द पाठ असतो, आणि देशातली पहिली सैनिक शाळा आमच्या साताऱ्यातलीच, १९६१ ची.

आता गंमत बघा. साधे कपडे म्हटले तरी आमच्या युनिटमध्ये मुफ्ती म्हणजे फुल बाह्यांचा शर्ट, इन केलेला, गडद पँट, चकाकणारे बूट, दाढी गुळगुळीत. वर्दी नाही म्हणून ढिलाई नाही. स्मार्ट कॅज्युअलचं तेच आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

लोक या ओळीला नाकं मुरडतात, पण मला ती ओळ माणुसकीची वाटते. नुकताच भरती झालेला पोरगा आणि वरचे साहेब, दोघांनाही आधीच कळतं की काय घालून यायचंय. तिथं जाऊन कुणाचा चेहरा उतरत नाही.

---

माणदेशी

सुभेदार काका, तुमी म्हंता ते फौजेत ठीक हाय. तितं सगळ्यांस्नी एकच दुकान, एकच कपडा. आमच्याकडं आटपाडीत कार्यक्रमाची पत्रिका आली की माणूस धुतलेलं कापड घालतो आन् निगतो. जेवायला बोलवायचं आन् वरनं सांगायचं की असंच कापड घालून या, हे मला पटत न्हाई. ज्याच्याकडं त्ये कापड न्हाई त्यानं काय करायचं? न्हाई गेलं तर म्हंत्यात मान ठेवला न्हाई. आमच्या चुलत्यानं ह्याच कारणानं भाचीच्या कार्यक्रमाला जायचं टाळलं. तिला लई वाईट वाटलं, पर चुलत्यालाबी वाटलंच की.

---

काजबटण

भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि दोष तुमच्या चुलत्यांचा नाही. अशी ओळ छापणाऱ्यानं आपल्या पाहुण्यांना ती कळेल का, हे आधी बघायला पाहिजे. सांगली-साताऱ्याच्या माणसांना बोलवायचं असेल तर मराठीत लिहा की "सूट-टायची गरज नाही, नेहमीच्या चांगल्या कपड्यांत या." एवढ्या ओळीनं काम होतं. पत्रिका छापून झाली असेल तर वडीलधाऱ्यांना फोन करून सांगा. पाहुण्याला विचारायला लावणं बरोबर नाही.

आणि तुमच्या चुलत्यांचं धुतलेलं, इस्त्रीचं कापड त्यात बसत होतं. कुणी त्यांना तसं सांगितलं नाही, हे वाईट झालं.

---

तासगावकर_सून

मग माझा प्रश्न यातच येतो. सासरे कायम पांढरा नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी घालतात. पुढच्या महिन्यात नणंदेच्या कंपनीत घरच्यांसाठी जेवण आहे, पुण्यात मोठ्या हॉटेलात, आणि निमंत्रणावर तेच दोन शब्द. नणंद म्हणते दादांना पँट-शर्ट घ्या. दादा म्हणतात, उभ्या जन्मात पँट घातली नाही, आता काय घालू? त्यांना हॉटेलवाले अडवतील का, ही मला खरी धास्ती आहे.

---

यवतेश्वर

ताई, दादांना आहे तसं न्या. स्वच्छ नेहरू शर्ट, इस्त्रीचा पायजमा आणि टोपी हा आपल्याकडचा पूर्ण पेहराव आहे. त्याला कॉलरची पट्टी आहे, बाह्या आहेत, इस्त्रीची घडी आहे. ब्लॅक टायसारख्या कडक निमंत्रणावरही कित्येकदा 'किंवा राष्ट्रीय पेहराव' असं छापतात, मग हे तर त्याच्या कितीतरी खाली आहे.

अडवण्याचं म्हणाल तर एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१४ साली चेन्नईत एका क्रिकेट संघटनेच्या क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून आत सोडलं नाही. केवढा गदारोळ झाला. त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेनं कायदा केला की वेष्टी किंवा इतर भारतीय पारंपरिक पेहराव आहे म्हणून क्लबात, सभागृहात प्रवेश नाकारता येणार नाही. नाकारला तर क्लबचा परवाना जाऊ शकतो आणि शिक्षाही आहे. हा कायदा त्या राज्यापुरता आहे, आपल्याकडं लागू नाही. पण कंपनीनं बोलावलेल्या पाहुण्याला टोपी आणि पायजम्यावरून हॉटेलवाला सहसा अडवणार नाही. मनात शंका असेल तर नणंदेला हॉटेलात एक फोन करायला सांगा, आणि ही शंका दादांच्या कानावर घालू नका.

---

खणाची_चोळी

सगळी चर्चा बेल्ट, बूट, कॉलरवर चाललीय. बायकांनी काय करायचं? नेटवर बघितलं तर गुडघ्यापर्यंतचा झगा आणि टाचांचे बूट. आमच्या मिरजेच्या भिशीतल्या कुणाचं ते नेसणं-घालणं नाही.

---

विटा_माग

ताई, मी सांगते. माझं माहेर विट्याचं, यंत्रमागाच्या आवाजात वाढलेय, त्यामुळं कापड हा माझा जिव्हाळ्याचा विषय. हे शब्द मुळात पुरुषांच्या सूटवरून निघालेत, सूट किती उतरवायचा हे सांगायला. आपल्या साडीला त्या पायऱ्या लागत नाहीत, कारण एकाच साडीत सगळ्या पायऱ्या आहेत. फक्त कापड आणि काठ बदलतो. भरजरी पैठणी, शालू म्हणजे त्यांचा सूट. रोजची घरातली सिंथेटिक म्हणजे त्यांचं कॅज्युअल. मधलं सगळं आपलं: इरकल, हातमागाची सुती, नारायणपेठ, खणाच्या ब्लाऊजवर साधी साडी. सुती असेल तर खळ घालून, कडक इस्त्री करून नेसायची, निऱ्या एकावर एक बसल्या पाहिजेत. त्यावर एक लहानसं मंगळसूत्र, कानात कुड्या. नेकलेस, बाजूबंद नको.

साडी नको असेल तर सुती कुर्ता आणि सरळ पँट, वर ओढणी ऐच्छिक. लेगिंग घातलीत तर कुर्ता गुडघ्याखाली ठेवा. खरंच सांगते, पुण्यातल्या अशा जेवणांत मी इरकल नेसून गेलेय आणि तिथल्या मुली तिचा टोपपदर, म्हणजे इरकलीचा खास पदर, बोटांनी चाचपून बघत होत्या.

---

खणाची_चोळी

विट्याच्या ताई, मनापासून आभार. आईची हिरवी इरकल कपाटात आहे, तिला फॉल लावून घेते.

---

यवतेश्वर

हे सूट उतरवण्याचं कुठून सुरू झालं तेही वाचण्यासारखं आहे. हवाई बेटांवर उकाड्यात कोट-टाय घालून काम करणं जिवावर यायचं. तिथल्या कापड व्यावसायिकांच्या संघटनेनं फुलाफुलांचा अलोहा शर्ट ऑफिसात चालावा म्हणून १९६२ साली आमदारांना शर्ट भेट दिले. १९६६ पासून शुक्रवारी तो घालायची रीत रुजली. अमेरिकेत मग 'कॅज्युअल फ्रायडे' आला. पण ऑफिसातल्या लोकांना कळेना की कॅज्युअल म्हणजे नक्की काय, आणि काही जण खरोखरच हाफ पँटमध्ये येऊ लागले. तेव्हा लिव्हाइस कंपनीनं १९९२ मध्ये ऑफिसातल्या कॅज्युअल कपड्यांची मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि अमेरिकेतल्या सुमारे २५,००० मनुष्यबळ अधिकाऱ्यांना पाठवली. त्यांचा चिनो पँटचा डॉकर्स ब्रँड १९८६ पासून बाजारात होताच. पुस्तिकेतल्या चित्रांत अर्थातच त्या पँटी होत्या. आज आपल्याला 'खाकी पँट आणि निळा शर्ट' हे ठरलेलं उत्तर वाटतं, त्यामागं हा धंदा आहे.

आणि खाकी तर आपल्याच बाजूची. खाक म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या इंग्रजांच्या गाइड्स पलटणीनं धुळीत मिसळून जाणारा हा रंग वर्दीला घेतला.

---

पोवईनाका

यात एक भर. गाड्यांच्या कामाला आम्ही जो अंगभर कपडा घालायचो त्याला डांगरी म्हणतात. कारखान्यांतही हाच शब्द आहे. तो इंग्रजीतून परत आलाय, पण इंग्रजीत गेला तो मुंबईच्या डोंगरीवरून. तिथं मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रज डंगरी म्हणायचे.

---

माणदेशी

म्हंजे कापड आमचं, रंग आमचा, आन् पत्रिकेवर इंग्रजी वाचून घाबरायचं आमीच. बरं झालं सांगितलंत. आता येक सांगा, कोल्हापुरी चालंल का? बूट मला चावत्यात.

---

काजबटण

नेहरू शर्ट किंवा कुर्त्यावर कोल्हापुरी बिनधास्त. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सोलापूर, सांगली, सातारा या चार जिल्ह्यांचा आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा समावेश आहे. म्हणजे ती तुमच्या-आमच्या जिल्ह्याचीच आहे. फक्त जायच्या आधी तेलपाणी करा, अंगठा शिवून घ्या, टाच घासून एका बाजूला कललेली असेल तर चांभाराकडून तळ बदलून घ्या. घासलेली टाच चालताना मागून लगेच दिसते.

पँट-शर्टवर मात्र मी कोल्हापुरी सुचवत नाही, विशेषतः हॉटेलातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला. तिथं बूट चावत असतील तर मऊ लोफर घ्या, मोज्यांशिवायही घालता येतात.

---

विटा_माग

मला एक सुचलं. आपल्या घरांत कपड्यांचे तीन ढीग असतातच की. घरातले, बाहेर जायचे आणि ठेवणीतले. ठेवणीतले म्हणजे डांबरगोळीच्या वासाचे, लग्नकार्याला निघणारे. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे बाहेर जायच्यातले सगळ्यात चांगले. आमच्या आईला असं सांगितलं आणि तिनं एका मिनिटात बाबांचे कपडे काढून ठेवले. काही विचारावं लागलं नाही तिला.

---

तासगावकर_सून

विटा ताई, हे मी सासूबाईंना अस्संच सांगणार आहे. काजबटण दादा, नवऱ्याचं राहिलंच. त्यांच्याकडं चांगला निळा लिननचा शर्ट आहे, पण पोट सुटल्यामुळं इन करायला नको म्हणतात. बाहेर ठेवला तर चालेल का? तो खालून गोल आहे आणि बराच लांब आहे.

---

काजबटण

बाहेर ठेवायला हरकत नाही, पण तो शर्ट आहे तसा नको. ज्या शर्टाचा घेर खालून गोल असतो, ज्याला आम्ही ॲपल कट म्हणतो, तो इन करण्यासाठीच शिवलेला असतो. हात वर केला तरी तो पँटमधून सुटू नये म्हणून पुढचं-मागचं टोक लांब ठेवतात. बाहेर काढला की ती टोकं लोंबतात आणि कडेला पँटचा पट्टा दिसतो. बाहेर ठेवायचा शर्ट बुशशर्टासारखा सरळ घेराचा हवा, कडेला छोटे कट असले तर उत्तम. उंचीचं माप सोपं आहे: मागचा खिसा निम्मा झाकला पाहिजे, निम्मा दिसला पाहिजे. पुढून चेन निम्म्यापर्यंत झाकली की पुरे.

ॲपल कट सरळ करून मिळतो. कडेची जी बाजू सगळ्यात आखूड आहे तिथून आडवी रेघ मारायची, दुमडीसाठी कापड ठेवायचं आणि उरलेलं कापायचं. तुमचा शर्ट लांब आहे म्हणता, म्हणजे कडेलाही उंची पुरेल. कुठल्याही चांगल्या शिंप्याचं हे थोड्या वेळाचं काम आहे. एकच सांगतो, लिनन आटतं. शर्ट अजून धुतला नसेल तर आधी पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापायला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात वर जाईल आणि मग काही करता येणार नाही.